पन्नास नंबरची जर्सी

गेल्या शनिवारी फ्रीमाँटला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी असा फुल्टू लग्नातला मेनू. एवढं करून वाढतायत म्हणजे काहीतरी काम असणार हे खरं तर पहिल्या घासालाच कळायला हवं होतं. पण जिलबीपुढे आपली बुद्धी चालत नाही. :)

जेवणं झाल्यावर मित्राने एक फॉर्म समोर टाकला. त्याचा मुलगा (इथे त्याला बंड्या म्हणू) आता नववीत जाणार. शाळेच्या फुटबॉल टीमसाठी नाव द्यायचंय. कॅलिफोर्नियात शाळेकडून खेळायचं तर डोक्याच्या दुखापतीविषयीचं एक माहितीपत्रक वाचून मुलगा आणि पालक, दोघांनाही सही करावी लागते. बंड्याने सही करून टाकली होती. बापाची जागा रिकामी.

"तूच लावलंस ना त्याला हे वेड? मग आता तूच सांग, सही करू का नको?"

वेड मी लावलं हे खरं आहे. बंड्या पाळण्यात होता तेव्हापासून मी त्यांच्या सोफ्यावर बसून फोर्टीनाइनर्सच्या मॅचेस बघतोय. आणि बंड्याला व्हायचंय काय, तर लाइनबॅकर.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडं थांबतो. नुसतं फुटबॉल म्हटलं की तुम्ही मेस्सीकडे जाणार. हा तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल, लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे नाही त्या टीमचे तीन थर असतात. पुढे धिप्पाड मंडळींची भिंत, अगदी मागे चपळ पळणारे, आणि या दोघांच्या मधे लाइनबॅकर. भिंतीतून चेंडू घेऊन कोणी निसटला, तर पळत जाऊन त्याला आडवा करायचा हे याचं काम. कबड्डीत चढाईला आलेल्याची पकड करतात ना, तसंच. फक्त इथे दोघंही शंभर किलोंच्या पुढचे, आणि दोघंही धावत एकमेकांच्या दिशेने येत असतात.

शिवाय मधला लाइनबॅकर म्हणजे बचावाचा टेक लीड. 2008 पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, ओळखू यावं म्हणून त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका. हा मान बहुतेक वेळा त्यालाच मिळतो. कोच वरून सांगणार, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद. पुढचं सगळं याच्या डोक्यावर. समोरचे कसे उभे आहेत ते वाचायचं, ओरडून बाकीच्या दहा जणांना हलवायचं, आणि मग तेच डोकं घेऊन जाऊन धडकायचं. या खेळातली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. आणि म्हणूनच माझ्या कपाटात पन्नास नंबरची एक जर्सी आहे.

ती ख्रिस बोर्लंडची. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये घेतली, चांगले शंभरेक डॉलर मोजून. मार्चमध्ये हा पठ्ठ्या खेळ सोडून गेला. मित्रांनी मला त्यावरून इतकं छळलंय की विचारू नका.

बोर्लंड ओहायोमधल्या केटरिंगचा. उंची पाच फूट अकरा इंच, म्हणजे या धंद्यात बुटका. विस्कॉन्सिन विद्यापीठातून इतिहासाची डिग्री घेतली, तिथे फुटबॉल गाजवला, आणि 2014 च्या ड्राफ्टमध्ये सत्त्याहत्तराव्या नंबरवर फोर्टीनाइनर्सनी त्याला उचललं. चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, साधारण 29 लाख डॉलर. त्याच वर्षी टीम सॅन फ्रान्सिस्कोतून सँटा क्लाराच्या नव्याकोऱ्या लीव्हाइज स्टेडियमवर आली, म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अगदी अंगणात. मोसम सुरू झाला तेव्हा हा बेंचवर. कारण त्याच्या जागी पॅट्रिक विलिस होता, त्या काळातला बहुधा सर्वोत्तम मधला लाइनबॅकर. ऑक्टोबरमध्ये विलिसच्या पायाचा अंगठा दुखावला आणि बोर्लंडला संधी मिळाली.

पुढचे दोन महिने ज्यांनी बघितले त्यांना मी काय सांगू! चेंडू कुठे जाणार हे या पोराला आधीच कळायचं. 16 नोव्हेंबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने एकाच मॅचमध्ये दोनदा चेंडू मधेच पळवला, त्यातला दुसरा तर अगदी शेवटी, जायंट्स जिंकायच्या बेतात असताना. मी त्याच रात्री जर्सी ऑर्डर केली. अर्धाच मोसम मिळूनसुद्धा त्याने शंभरावर पकडी केल्या. 10 मार्च 2015 ला विलिस निवृत्त झाला, पायांनी दगा दिला म्हणून, अवघ्या तिशीत. आम्ही म्हटलं, हरकत नाही, पुढची दहा वर्षं बोर्लंड आहे.

सहा दिवसांनी बोर्लंडने खेळ सोडला. वय 24. कुठलीही मोठी दुखापत नाही, भांडण नाही, दुसरी ऑफर नाही.

ईएसपीएनवर त्याने कारण सांगितलं ते असं. सुरुवातीच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये सव्वाशे किलोंच्या एका फुलबॅकशी त्याची टक्कर झाली. डोकं गरगरलं. कन्कशन असावं असं त्याला वाटलं, पण टीममध्ये जागा पक्की व्हायची होती, म्हणून कोणाला बोलला नाही आणि खेळत राहिला. त्याआधी निदान झालेली कन्कशन्स दोन, एक आठवीत सॉकर खेळताना आणि एक हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळताना. पण कॅम्पमधल्या त्या दिवशी त्याच्या मनात आलं की मोठेपणी आपण हेच करत जगणार आहोत का, डोकं आपटत? मोसम सुरू व्हायच्या आधीच त्याने आईवडिलांना पत्र लिहिलं होतं की आपली कारकीर्द छोटी असेल. म्हणजे ज्या मॅचनंतर मी जर्सी घेतली, तेव्हा याचं जवळपास ठरत आलेलं होतं!

आपल्या मराठीत 'दुखणं अंगावर काढणं' असा एक खास शब्दप्रयोग आहे. बोलायला तक्रारीचा, पण खाली कौतुक दडलेलं. 'अरे, ताप अंगावर काढला आणि रिलीज दिला पठ्ठ्याने!' पुढच्या अप्रेझलला ते लक्षात राहतं. बोर्लंडनेही तेच केलं होतं. फरक इतकाच, की आपण जे अंगावर काढतोय ते नक्की काय आहे हे त्याने जाऊन वाचलं. इतिहासाचा विद्यार्थी तो. कागदपत्रं वाचली, संशोधकांशी बोलला, जुन्या खेळाडूंबद्दल माहिती काढली.

त्याने काय वाचलं असेल? या आजाराला सीटीई म्हणतात. वारंवार डोक्याला बसलेल्या हादऱ्यांमुळे मेंदूत एक प्रथिन साचत जातं, आणि वर्षांनंतर स्मृती, स्वभाव, तोल, सगळं बिघडत जातं. पक्कं निदान फक्त मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर 2002 मध्ये गेला, बेनेट ओमालू नावाच्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, आणि एनएफएलच्या खेळाडूत हे पहिल्यांदा सापडलं. एनएफएलने कित्येक वर्षं हात झटकले. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे हे लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं ते 2016 च्या मार्चमध्ये, म्हणजे बोर्लंड गेल्यावर बरोबर एका वर्षाने.

बॉस्टन विद्यापीठाने 2023 मध्ये जाहीर केलेला आकडा तुम्ही कदाचित वाचला असेल. एनएफएलच्या 376 माजी खेळाडूंपैकी 345 जणांच्या मेंदूत सीटीई. आता आपण इंजिनिअर माणसं, लगेच म्हणणार की सॅम्पल बायस्ड आहे. आहेच. ज्यांच्या घरच्यांना शंका आली त्यांनीच मेंदू दान केले. तेव्हा 'दहातल्या नऊ खेळाडूंना होतो' असं यातून अजिबात निघत नाही, आणि संशोधक स्वतःही तसं म्हणत नाहीत.

मला जास्त अस्वस्थ करतात त्यांची दुसरी दोन निरीक्षणं. 2019 च्या अभ्यासात दिसलं की टॅकल फुटबॉल खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक सीटीईचे ऑड्स 30 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे साधारण दर 2.6 वर्षांनी दुप्पट. चक्रवाढ व्याज! हायस्कूलची चार आणि कॉलेजची चार वर्षं धरली, तर एनएफएलचा पहिला पगार हातात पडायच्या आत तीनदा दुप्पट होऊन गेले. (हेही दान केलेल्या मेंदूंवरूनच काढलेलं आहे, हे मान्य.) आणि 2023 च्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं की निदान झालेल्या कन्कशन्सच्या संख्येशी सीटीईचा तसा संबंधच दिसत नाही. संबंध आहे तो आयुष्यभरात डोक्याला बसलेल्या सगळ्या लहानमोठ्या हादऱ्यांच्या बेरजेशी.

याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. कन्कशन म्हणजे सिस्टीम क्रॅश. सगळ्यांना दिसतं, लॉग होतं, तिकीट उघडतं, डॉक्टर येतो. पण खरा प्रॉब्लेम मेमरी लीकचा आहे. प्रत्येक प्लेमध्ये थोडं थोडं. कुठलाही लॉग नाही, अलार्म नाही. आणि लाइनबॅकरच्या बाबतीत हा लीक म्हणजे काही चूक नव्हे, ते त्याचं रोजचं काम आहे. सुताराने रंधा मारायचा, याने धडकायचं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू हलतो त्याला हेल्मेट काय करणार? 2022 पासून सरावात लाइनबॅकरना हेल्मेटवर मऊ गादीचं आणखी एक कव्हर घालावं लागतं. चांगलं आहे. हादरा कमी होतो, थांबत नाही.

म्हणून 'जपून खेळ' हा सल्ला या जागेवर निरर्थक आहे. जपून खेळणारा लाइनबॅकर दुसऱ्या दिवशी बेंचवर असतो.

बोर्लंड गेल्यावर काय काय बोललं गेलं! पिट्सबर्ग स्टीलर्सशी संबंधित एका न्यूरोसर्जनने टीव्हीवर सांगितलं की लहान मुलांनी फुटबॉल खेळण्यापेक्षा सायकल आणि स्केटबोर्ड जास्त धोकादायक. सोशल मीडियावर भित्रा, नाजूक वगैरे विशेषणं आली. आमच्या ऑफिसात तर 'चार वर्षं काढायची, पैसे घ्यायचे आणि मग जायचं, एवढंही कळत नाही?' असा सूर. पैशाचं म्हणाल तर त्याने सहा लाख डॉलरच्या पुढचा साइनिंग बोनस घेतला होता, त्यातला तीन चतुर्थांश परत करायचं ठरवलं. जॉइनिंग बोनस परत द्यायच्या भीतीने दोन-दोन वर्षं एकाच खुर्चीत बसून राहिलेली आपण माणसं, आपल्याला यातली मजा कळायला हवी. बरं, एनएफएलचं पेन्शन व्हेस्ट व्हायला किमान तीन मोसम लागतात. याने एकच केला. म्हणजे सगळं टेबलवर ठेवून उठला. त्यानंतर लीगने त्याला ड्रग टेस्ट द्यायला लावली, तर त्याने सावधगिरी म्हणून स्वखर्चाने दुसरीकडेही टेस्ट करून घेतली. भित्रा असेल, भोळा मात्र नव्हता. :)

आणि इथे मला ज्युनिअर सेआऊ आठवतो.

सेआऊसुद्धा लाइनबॅकर. सामोअन कुटुंबातला, सॅन दिएगोजवळच्या ओशनसाइडमध्ये वाढला, लहानपणी भावांबरोबर गॅरेजमध्ये झोपायचा. 1990 मध्ये सॅन दिएगो चार्जर्सनी त्याला पाचव्या नंबरवर घेतलं. 1991 ते 2002 अशी सलग बारा वर्षं तो प्रो बोलसाठी निवडला गेला. भेटेल त्याला 'बडी' म्हणायचा, अख्खं शहर त्याच्या प्रेमात. 2006 च्या ऑगस्टमध्ये त्याने मोठा समारंभ करून निवृत्ती घेतली. आपण रिटायर नाही, ग्रॅज्युएट होतोय असं म्हणाला. चार दिवसांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी करार करून परत मैदानात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात खेळावरचं प्रेम. तसाच आणखी चार मोसम खेळला. एकूण वीस. एवढ्या वर्षांत टीमच्या अधिकृत दुखापतींच्या यादीत त्याच्या नावापुढे कन्कशन कधीच आलं नाही. घरचे मात्र सांगतात की त्याला ती झाली होती. त्याने कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

2 मे 2012 ला त्याने आत्महत्या केली. वय 43. शेवटच्या मॅचला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. मेंदू तपासला गेला, आणि 2013 च्या जानेवारीत जाहीर झालं की सीटीई होता.

बोर्लंड गेला त्याच वर्षी, 2015 च्या ऑगस्टमध्ये, सेआऊला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. मरणोत्तर सन्मानात घरच्यांनी भाषण करायचं नाही असा तेव्हा तिथला नियम होता. मुलगी सिडनी भाषण लिहून आली होती, तिला स्टेजवर एक छोटी मुलाखत देऊ दिली.

मला खटकतं ते हे. चोविसाव्या वर्षी सोडणाऱ्याला अख्ख्या देशाने विचारलं, का सोडतोयस? सदतिसाव्या वर्षी निवृत्ती घेऊन चार दिवसांत परत येणाऱ्याला कोणीही विचारलं नाही की बाबा रे, का परत येतोयस? सोडणाऱ्याकडे कारण मागायचं आणि राहणाऱ्याचं कौतुक करायचं ही आपली सवयच आहे. आणि ते कौतुक फुकट नसतं, त्याचं बिल कोणीतरी नंतर भरतं. सेआऊच्या बाबतीत ते त्याच्या मुलांनी भरलं. मीही 2007 मध्ये पेट्रियट्सकडून खेळणाऱ्या त्या म्हाताऱ्याला बघून 'याला म्हणतात जिगर' असं मेसेंजरवर लिहिलेलं मला आठवतंय. माझ्याही टाळ्या त्यात आहेतच.

आता कोणी म्हणेल, बोर्लंडला काय, त्याच्याकडे डिग्री होती, पाठीशी घर होतं. खरं आहे. गॅरेजमध्ये झोपणाऱ्या पोराला 'मेंदू सांभाळ' म्हणून सांगायचा मला काडीचा अधिकार नाही. त्याच्यासाठी फुटबॉल हाच घराबाहेर पडायचा रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावरून आईवडिलांना मोठं घर घेता येतं. तो सौदा त्याने डोळे उघडे ठेवून केला तर केला. मधल्या रस्त्यावरचीही माणसं आहेत. कॅरोलायना पँथर्सचा ल्यूक कीकली, 2013 मधला सर्वोत्तम बचावपटू. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये डोक्याला मार बसून मैदानावरून नेताना तो लहान मुलासारखा रडत होता, आणि ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतरही तीन वर्षं तो खेळला, उत्तम खेळला, आणि 2020 च्या जानेवारीत अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. त्याचाही हिशोब चुकला असं मी म्हणणार नाही.

पण बंड्या? घरात दोन इंजिनिअरचे पगार, स्वतःची खोली, वर गणिताची शिकवणी. याला कुठल्या गॅरेजमधून बाहेर पडायचंय?

मित्राला मी म्हटलं, सही करू नकोस. कॅलिफोर्नियात 2015 पासून शाळांना आठवड्यातून दोनदाच पूर्ण धडकाधडकीचा सराव घेता येतो, तोही नव्वद मिनिटांपर्यंत, हेसुद्धा सांगितलं. म्हणजे राज्यालाही कळलंय की मोजावं लागतं. त्या माहितीपत्रकात चक्कर, उलटी, विसराळूपणा अशी लक्षणं आहेत, दिसली तर कोचला सांगा म्हणून. क्रॅशची लक्षणं सगळी. बंड्याला आवडेल असं दुसरं काही शोधू, फ्लॅग फुटबॉल आहे, त्यात कमरेचा पट्टा ओढायचा, धडकायचं नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ आहेच.

बंड्या जिन्यावर बसून ऐकत होता हे आम्हाला माहीत नव्हतं. खाली आला आणि मला म्हणाला, "काका, मग तुम्ही का बघता?"

मी म्हटलं, "ते वेगळं."

"कसं?"

त्याची आई आतून म्हणाली, "मोठ्यांशी वाद नको रे." पण पोरगं माझ्याकडेच बघत होतं. मी म्हणालो की ते खेळाडू मोठे आहेत, त्यांना सगळं माहीत आहे, त्यांना पैसे मिळतात. तो म्हणाला, "पण ते नववीत होते तेव्हा कोणीतरी सही केलीच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी खेळ बघणं सोडलंय असं सांगून मला इथे मोठेपणा घ्यायचा नाही, कारण सोडलेलं नाही. निघताना मित्राने जिलब्यांचा डबा हातात दिला. फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला होता. शुक्रवारपर्यंत शाळेत द्यायचा आहे. त्याने अजून काही कळवलेलं नाही, आणि मीही फोन केलेला नाही.